लीजवर देश नव्हता, आपला वऱ्हाड होता

ऑगस्ट लागला की हा मेसेज उगवतो. डवरणी-निंदणातून माणसं जराशी मोकळी झालेली असतात, आणि शेतकरी गट, माजी विद्यार्थी, भजनी मंडळ अशा साऱ्या ग्रुपांवर तो एका दमात फिरतो. मजकूर लांबलचक आहे, गाभा एवढाच:

१९४७ ला स्वातंत्र्य मिळालंच नाही. नेहरू आणि माउंटबॅटन यांनी ‘सत्ता हस्तांतरण करार’ नावाचा गुप्त करार केला. देश ९९ वर्षांच्या लीजवर आहे, २०४६ ला इंग्रज तो परत मागू शकतात. त्या करारामुळे संविधानाची ३६६, ३७१, ३७२ आणि ३९५ ही कलमं संसदेलाही बदलता येत नाहीत. इंग्लंडच्या राजघराण्याला दरवर्षी दहा कोटी पेन्शन जाते. आपण राष्ट्रकुलात आहोत म्हणजे अजून गुलामच आहोत. आणि हा सगळा आंतरराष्ट्रीय कायदा असल्यामुळे आपल्या सुप्रीम कोर्टाचंही त्यापुढे काही चालत नाही.

आमच्या फाट्यावरच्या पानठेल्यावर एका पोराने हे मोठ्याने वाचून दाखवलं. बाजूच्या बाकड्यावर बसलेल्या बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “देशच लीजवर असन, तं मंग माह्या सातबाऱ्याले काय किंमत हाय रे बावा?” पोरगं गप्प झालं. बाबांचा प्रश्न मात्र नेमका होता. राज्य बदललं की आधीच्या राज्याने केलेले करार, कायदे, कर्जं आणि पट्टे यांचं काय होतं? परदेशांशी केलेला करार घरच्या कोर्टात कुठवर चालतो? खरा विषय हा आहे आणि या मेसेजने तो नासवून ठेवला आहे. म्हणून एकेक दावा घेतो.

“देश ९९ वर्षांच्या लीजवर आहे”

हे लिहिणारा वऱ्हाडातला नसावा. असता तर खरी लीज कशी असते हे त्याला घरबसल्या कळलं असतं. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि आजचा वाशीम हा सगळा मुलूख एके काळी लीजवरच होता.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिला. कारण पैशाचं होतं. हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज, तिचे अधिकारी इंग्रज, खर्च निजामाच्या माथी, आणि तो थकलेला. गव्हर्नर जनरल डलहौसीने थकबाकीवर बोट ठेवलं आणि कापसाचा हा मुलूख काढून घेतला. कारभार इंग्रजांनी करायचा, फौजेचा आणि कारभाराचा खर्च वळता करून उरेल ते निजामाला द्यायचं, असं ठरलं. खर्च कोण लिहिणार तर इंग्रज, तेव्हा उरणार किती हे उघडच होतं; त्यावरून पन्नास वर्षं कुरबूर चालली. मग १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने निजाम महबूब अली खान यांच्याशी नवा करार केला. वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे, आणि निजामाला वर्षाचे २५ लाख रुपये. पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला (राजधानी नागपूर) जोडला गेला.

मालकी मात्र निजामाने सोडली नव्हती. पुढचे निजाम उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मागितला तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने १९२६ च्या पत्रात त्यांना चांगलंच सुनावलं. तरी १९३६ मध्ये पुन्हा करार करावा लागला. त्यात वऱ्हाडवरचं निजामाचं सार्वभौमत्व कागदावर मान्य झालं, युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ (बेरार म्हणजे वऱ्हाड) ही पदवी मिळाली आणि २५ लाख चालू राहिले. म्हणजे १९३७ च्या निवडणुकीत अकोल्याचा मतदार नागपूरच्या विधानसभेसाठी मत टाकत होता, आणि कागदोपत्री त्याचा सार्वभौम हैदराबादेत बसला होता. वावर मक्त्याने दिलं की पाडव्यापासून पाडव्यापर्यंत पीक मक्त्यावाल्याचं, सातबारा मालकाचाच. वऱ्हाडचं नेमकं तसंच होतं.

आता मेसेजमधली लीज याच्या शेजारी ठेवून बघा. वऱ्हाडच्या पट्ट्यात देणारा कोण, घेणारा कोण, रक्कम किती, सही कोणत्या साली, हे सगळं सांगता येतं. मेसेजमध्ये यातलं काहीच नाही. फक्त ९९ हा आकडा आहे. तो बहुधा हाँगकाँगवरून उचललेला असावा. तिथल्या न्यू टेरिटरीजचा पट्टा १८९८ मध्ये ९९ वर्षांसाठी झाला होता आणि १९९७ ला संपला. तिथेही पट्टा घेणारा ब्रिटन होता आणि देणारा चीन. मेसेजवाल्याने तर देणाऱ्या-घेणाऱ्याच्या जागाच बदलून टाकल्या आहेत.

१५ ऑगस्ट १९४७ ला या खऱ्या लीजचं काय झालं, तो भाग जास्त शिकण्यासारखा आहे. इंडियन इंडिपेंडन्स ॲक्टच्या कलम ७ ने संस्थानांवरचं ब्रिटिश अधिराज्य आणि संस्थानांशी झालेले करार त्या दिवशी संपवले. टपाल, तार, जकात असल्या व्यवहारांना तेवढी तात्पुरती सवलत होती. १९०२ चा ‘कायमचा’ पट्टाही त्यातच आला. हैदराबादच्या शिष्टमंडळाने जुलै १९४७ मध्येच हा विषय माउंटबॅटनपुढे काढला होता: पट्टा संपतो आहे, तर मुलूख परत द्या. नुसती अक्षरं वाचली तर ही मागणी पोकळ म्हणता येत नाही. पण वऱ्हाडातल्या लोकांना पुन्हा निजामाच्या हवाली करायला दिल्ली तयार नव्हती, आणि कारभार नागपूरकडेच राहिला. नोव्हेंबर १९४७ मध्ये हैदराबादशी जैसे थे करार झाला. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत तक्रार नेली. १३ ते १७ सप्टेंबरला भारतीय फौजेची ‘पोलीस कारवाई’ झाली, तक्रार खुद्द निजामाने मागे घेतली, आणि परिषदेचा निर्णय कधी आलाच नाही. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने फर्मान काढून भारताचं संविधान स्वीकारलं. संस्थानिकांशी झालेल्या जुन्या करारांवरून कोर्टात दावे लावता येणार नाहीत, अशी सोय संविधानाच्या कलम ३६३ मध्ये केली गेली.

यात मला कायद्याचा निर्मळ विजय वगैरे दिसत नाही. फौज गेली नसती तर हे भांडण किती लांबलं असतं कोण जाणे. पण एवढं नक्की की ‘कायमचा’ असा शब्द घातलेला, सह्या-शिक्क्यांचा, वर्षाला २५ लाखांचा पट्टा सत्तांतराने संपवला. मग ज्याचा कागदच कुणी पाहिला नाही, तो ९९ वर्षांचा पट्टा कसा टिकला?

अजून एक. आपल्या संविधानाखाली जमिनीचा तुकडा परदेशाला द्यायचा तर काय करावं लागतं, हे सुप्रीम कोर्टाने १९६० मध्येच सांगून ठेवलं आहे. नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान नून यांच्यात १९५८ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बेरुबारीचा अर्धा भाग पाकिस्तानला देण्याचं ठरलं होतं. कोर्ट म्हणालं, पंतप्रधानांच्या सहीने भागणार नाही, घटनादुरुस्ती करा. म्हणून नववी दुरुस्ती झाली. बांगलादेशाशी छोट्या छोट्या वस्त्यांची अदलाबदल करायची होती तेव्हाही २०१५ मध्ये शंभरावी दुरुस्ती करावी लागली. बेरुबारीच्या अर्ध्या भागाला दुरुस्ती लागते, तर अख्खा देश गुपचूप कसा दिला जाईल?

“सत्ता हस्तांतरणाचा गुप्त करार झाला”

सत्तांतर झालं ते ब्रिटिश संसदेच्या कायद्याने. ब्रिटनचे पंतप्रधान ॲटली यांनी विधेयक मांडलं ४ जुलै १९४७ ला, राजाची संमती मिळाली १८ जुलैला. उघड चर्चा झाली, वर्तमानपत्रांत छापून आली. त्याच कायद्याच्या कलम ६ ने भारताच्या विधिमंडळाला ब्रिटिश संसदेचा कोणताही कायदा, खुद्द तो कायदासुद्धा, रद्द करण्याचा अधिकार दिला. पट्टा देणारा मालक पट्टेदाराला ‘हा कागद तुम्हीच फाडून टाका’ असं लिहून देईल का?

त्या काळातली सरकारी कागदपत्रंही लपलेली नाहीत. ब्रिटिश सरकारनेच १९४२ ते १९४७ या काळातले दस्तऐवज १९७० ते १९८३ दरम्यान बारा जाडजूड खंडांत छापले. ज्या नावाने आपल्याकडे गुप्त करार फिरतो, नेमकं तेच नाव त्या खंडमालेला आहे. दुकानात विकत मिळणारी गुप्तता म्हणायची.

आणि समजा, असा करार खरंच कुठे तिजोरीत पडला आहे. तरी तो कुचकामी ठरतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम १०२ सांगतं की सदस्य देशांनी केलेला करार संयुक्त राष्ट्रांकडे नोंदवून प्रसिद्ध झाला पाहिजे. नोंद नसलेला करार त्यांच्या कोणत्याही संस्थेपुढे वापरता येत नाही. हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय हीदेखील त्यांचीच संस्था. पहिल्या महायुद्धाआधीच्या गुप्त करारांनी युरोपला जिथे नेलं, त्याचा धडा म्हणून हा नियम आला. २०४६ ला इंग्रज हेगला गेले तर तिथे कुठला कागद दाखवणार?

मेसेजमध्ये एक दाणा खरा आहे, तो नाकारायचं कारण नाही. १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० या काळात भारत ‘डोमिनियन’ होता. नाममात्र का होईना, सहावा जॉर्ज आपला राजा होता आणि त्याचं चित्र असलेली नाणी बाजारात चालत होती. पण प्रजासत्ताक झाल्यावर ते संपलं. घटना समितीने संविधान कुणाच्या संमतीसाठी पाठवलंसुद्धा नाही, ना राजाच्या, ना गव्हर्नर जनरलच्या. हे मुद्दाम केलं होतं.

“३६६, ३७१, ३७२, ३९५ ही कलमं बदलताच येत नाहीत”

हा दावा वाचून विदर्भातल्या माणसाने तरी हसायला पाहिजे. ३७१ कोणाबद्दल आहे? त्याच्या दुसऱ्या पोटकलमात विदर्भाचं नाव आहे! विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी विकास मंडळं, निधीचं न्याय्य वाटप, आणि राज्यपालांवर त्याची विशेष जबाबदारी. अनुशेषावरून आपल्याकडे जेवढी भाषणं झाली ती सगळी याच कलमावर उभी आहेत. आजचं हे रूप त्याला मिळालं १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने. म्हणजे जे कलम इंग्रजांनी कुलूप लावून ठेवलं म्हणतात, त्याला इंग्रज गेल्यावर नऊ वर्षांनी आपल्याच संसदेने विदर्भासाठी नवं रूप दिलं. पुढे त्याला नागालँड, आसाम, मणिपूर यांच्यासाठी शेपटं जोडली गेली, आणि २०१२ मध्ये हैदराबाद-कर्नाटकसाठी आणखी एक. १९९४ मध्ये विदर्भाचं मंडळ प्रत्यक्षात आलं, ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. त्यावर मेसेज पाठवा की! तो मात्र कुणी पाठवत नाही.

३६६ मध्ये व्याख्या आहेत. २०१६ मध्ये जीएसटी आला तेव्हा त्यात जीएसटीची व्याख्या घातली गेली. बदलता येत नाही ते कलम बदलल्याची पावती आपण दर खताच्या पोत्यामागे पाहतो.

३९५ ची तर गंमतच आहे. ज्या कलमाला इंग्रजांची कायमची पकड म्हणतात, तेच १९४७ चा इंडियन इंडिपेंडन्स ॲक्ट आणि १९३५ चा भारत सरकार कायदा रद्द करतं. एका वाक्याचं कलम आहे. मेसेज लिहिणाऱ्याने ते वाचलं असतं तर यादीत घातलं नसतं.

राहिलं ३७२, आणि बाबांच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. हे कलम म्हणतं, संविधान लागू होण्याआधीचे कायदे, बदलले किंवा रद्द केले जाईपर्यंत, चालू राहतील. सत्ता एका रात्रीत बदलू शकते, पण कायदा त्या रात्री शून्यावर आणला तर सकाळी कुणाची मालकी, कुणाचं कर्ज, कुणाचं लग्न, काहीच सिद्ध करता येणार नाही. म्हणून सत्तांतर झालेला जवळपास प्रत्येक देश अशी तरतूद करतो. वऱ्हाडात जमिनीसाठी १९२८ चा बेरार लँड रेव्हेन्यू कोड होता. इंग्रज गेले तरी तो चालू राहिला. मग मध्य प्रदेशाचा १९५४ चा कायदा आला. जुन्या उताऱ्यांवर ‘भूमिस्वामी’, ‘भूमिधारी’ हे शब्द दिसतात ते तिथले. १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने त्याच भूमिस्वामीला भोगवटादार वर्ग एक केलं. निजाम, इंग्रज, नागपूर, मुंबई असे धनी बदलत गेले, बाबांच्या आजोबांचं वावर मात्र कुणी बिनवारस धरलं नाही. राज्याचं सार्वभौमत्व वेगळं आणि माणसाची मालमत्ता वेगळी, हे आंतरराष्ट्रीय कायद्यातलं जुनं तत्त्व आहे. सार्वभौम बदलला म्हणून खासगी हक्क आपोआप बुडत नाहीत.

इंग्रजी कायदे कायमचे आहेत म्हणावं, तर १८६० ची दंडसंहिता १ जुलै २०२४ पासून गेली आणि १८९४ चा भूसंपादन कायदा त्याआधीच २०१३ च्या कायद्याने गेला. नवीन कायदे चांगले की वाईट हा वेगळा वाद आहे. त्यात मी इथे शिरत नाही.

“राजघराण्याला दरवर्षी दहा कोटी पेन्शन”

भारताच्या अर्थसंकल्पात असा खर्च नाही. उलट, दुसऱ्या महायुद्धाच्या हिशेबात ब्रिटनच भारताचं देणं लागत होता, शंभर कोटी पौंडांहून जास्त. इथे नोकरी केलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या पेन्शनचा विषय १९४८ च्या करारात याच शिलकीतून एकरकमी मिटवला गेला. विषय संपला.

“राष्ट्रकुल म्हणजे गुलामी”

एप्रिल १९४९ च्या लंडन घोषणेत ठरलं की भारत प्रजासत्ताक होईल आणि राष्ट्रकुलातही राहील. राजा हे फक्त त्या मुक्त संघटनेचं प्रतीक. दिल्लीत ब्रिटनचा राजदूत नसून हाय कमिशनर असतो, हा मेसेजमधला पुरावा. लंडनमध्ये आपलाही हाय कमिशनरच असतो, आणि भारत-पाकिस्तानचे एकमेकांच्या राजधानीतले दूतावासही हाय कमिशनच म्हणवतात. कोण कोणाचं गुलाम मग?

राष्ट्रकुलाचा उपयोग भारताने उलट कसा करून घेतला ते ऐकण्यासारखं आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य करताना भारताने अट घातली आहे की राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद तिथे चालणार नाहीत. ऑगस्ट १९९९ मध्ये कच्छजवळ पाकिस्तानी नौदलाचं विमान पाडलं गेलं तेव्हा पाकिस्तान हेगला गेला. त्यांचा एक आधार होता १९२८ चा एक जुना करार, वाद शांततेने सोडवण्याबद्दलचा. तो ब्रिटिश हिंदुस्थानाने १९३१ मध्ये स्वीकारला होता. पाकिस्तान म्हणाला, भारत ब्रिटिश हिंदुस्थानाचा वारस आहे, तेव्हा हा करार त्याला लागू आहे. भारताने १९७४ चं आपलं पत्र पुढे केलं: स्वातंत्र्यानंतर आम्ही या कराराला बांधील असल्याचं कधी मानलेलं नाही. जून २००० मध्ये न्यायालयाने निकाल दिला की हा करार भारताला लागू नाही, राष्ट्रकुलाची अटही चालते, आणि म्हणून हा खटला आमच्या अधिकारात येत नाही. इंग्रजांच्या काळातली सही आपोआप आपल्या गळ्यात पडते म्हणणाऱ्यांनी हा निकाल जरूर पाहावा.

अर्थात, ‘राज्य बदललं की सगळे करार फाटले’ असं समजणंही चूक आहे. १९४७ मध्ये जुन्या आंतरराष्ट्रीय हक्कांची आणि जबाबदाऱ्यांची वाटणी करणारा वेगळा आदेश काढला गेला. संयुक्त राष्ट्रांतलं सदस्यत्व भारताकडे राहिलं, पाकिस्तानला नव्याने अर्ज करावा लागला आणि सप्टेंबर १९४७ मध्ये प्रवेश मिळाला. कधी कधी तर जुना करार पणजोबांच्या काळातून उठून येतो. पोर्तुगालने १९५५ मध्ये भारताला हेगला खेचलं ते दादरा-नगरहवेलीसाठी. स्वयंसेवकांनी १९५४ मध्ये हा भाग मुक्त केला होता, आणि दमणहून तिथे जायला भारत वाट देत नव्हता. पोर्तुगालने कागद काढला तो १७७९ चा, पेशव्यांशी झालेला तह! सोबत १७८३ आणि १७८५ च्या मराठी राज्याच्या सनदा. नाना फडणवीसांच्या काळातले कागद विसाव्या शतकातले न्यायाधीश हेगमध्ये तपासत बसले होते. एप्रिल १९६० मध्ये निकाल आला. तह झाला होता, न्यायालयाने मान्य केलं. पण मराठ्यांनी दिला होता तो गावांचा महसूल, सरंजाम म्हणून. सार्वभौमत्व दिलं नव्हतं. पुढे इंग्रजांच्या काळात पोर्तुगालची सत्ता वहिवाटीने मान्य होत गेली, म्हणून साध्या माणसांना आणि मालाला वाट होती. फौजेला आणि हत्यारांना नव्हती. भारताने काही चुकीचं केलं नाही, असंही न्यायालयाने म्हटलं.

महसूल एकाकडे आणि सार्वभौमत्व दुसऱ्याकडे, हा भेद वऱ्हाडला नवा नव्हता.

“आंतरराष्ट्रीय कायद्यापुढे सुप्रीम कोर्टाचंही चालत नाही”

संविधानाचं कलम ५१ सरकारला सांगतं की आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी आणि करारांविषयी आदर वाढेल असा प्रयत्न करा. हे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्यावर कोर्टात दावा लावता येत नाही. कलम २५३ संसदेला करार अमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार देतं, विषय राज्यांच्या यादीतला असला तरी. म्हणजे सरकार करार करतं, त्याचा कायदा संसद करते, आणि तोवर नागरिकाच्या हक्कावर गदा आणायला नुसता करार पुरत नाही. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याच्या कराराचंही तेच. तो सरकारी अधिसूचनेशिवाय कोर्टात लागू होत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलं.

वर्णभेद संपल्यावर दक्षिण आफ्रिकेने वेगळी वाट धरली. १९९६ च्या त्यांच्या संविधानात हक्कांचा अर्थ लावताना कोर्टाने आंतरराष्ट्रीय कायदा विचारात घेतलाच पाहिजे असं लिहिलं आहे. नव्या राज्याला जुन्या कोर्टांवर भरवसा नव्हता, म्हणून बाहेरची मोजपट्टी आत आणली. तरी तिथेही शेवटचा शब्द संविधानाचाच.

आपल्याकडे हे नातं कसं चालतं ते दोन निकालांत दिसतं. राजस्थानातल्या एका खेड्यात बालविवाह रोखणाऱ्या साथिनीवर (सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातल्या गावपातळीवरच्या कार्यकर्तीवर) १९९२ मध्ये सामूहिक अत्याचार झाला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल तेव्हा देशात कायदाच नव्हता. १९९७ च्या विशाखा निकालात कोर्टाने, भारताने १९९३ मध्ये मान्य केलेल्या महिलांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन नियम घालून दिले, आणि संसद कायदा करेपर्यंत तेच चालतील असं सांगितलं. कायदा यायला २०१३ उजाडलं. आज अंगणवाडी सेविका किंवा आशाताई तक्रार समितीकडे जाऊ शकते, त्यामागे तो परदेशात झालेला करार आहे.

दुसरा निकाल आपल्या भागाला अधिक जवळचा, कारण तो कर्जाचा आहे. केरळमधल्या दोघांवर एका बँकेचा हुकूमनामा (पैसे फेडण्याचा कोर्टाचा आदेश) होता आणि वसुलीसाठी त्यांच्या अटकेचं वॉरंट निघालं. भारताने १९७९ मध्ये नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला होता. त्याचं कलम ११ सांगतं, करारातलं देणं फेडता येत नाही एवढ्याच कारणाने कोणालाही तुरुंगात टाकू नये. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८० च्या निकालात आधी स्पष्ट केलं की हा करार आपोआप भारताचा कायदा होत नाही. मेसेजच्या बरोबर उलट. मग ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१ कडे वळले आणि त्याचा अर्थ करार आणि संविधानाचं कलम २१ यांच्याशी जुळेल असा लावला: नुसते पैसे भरले नाहीत म्हणून अटक नाही, जवळ ऐपत असून बेइमानीने टाळतो आहे, हे दिसलं पाहिजे. ऐपतीची चौकशी करा म्हणून प्रकरण खालच्या कोर्टाकडे परत गेलं.

पीक बुडालं, हप्ता थकला, आणि ‘आता जेलात टाकतील’ या धास्तीने आपल्याकडे माणसांनी काय काय केलं ते सांगायला नको. सावकाराचा किंवा बँकेचा माणूस दारात येऊन असली धमकी देतो, तेव्हा हा निकाल कामाचा आहे, २०४६ ची अफवा नाही. दिवाणी हुकूमनाम्यात अटकेची नोटीस आली तर ती घडी करून देवळीत ठेवू नका. तारखेला हजर व्हा, यंदाचं पीक किती झालं, विकलं किती, घरात खाणारी तोंडं किती, हे लेखी द्या, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१ चं परंतुक (त्या कलमाखालची अट) वाचून दाखवायला सांगा. शेतीची अवजारं, बैलजोडी, बियाणं आणि शेतकऱ्याचं राहतं घर यांच्या जप्तीला त्याच संहितेचं कलम ६० आडवं येतं. चेक न वटल्याचं कलम १३८ वेगळं, तो फौजदारी मामला. महसुली थकबाकी म्हणून होणारी वसुलीही वेगळ्या कायद्याने चालते, तेव्हा नोटिशीवर कोणता कायदा आणि कोणतं कलम लिहिलं आहे ते आधी पाहा. वकील परवडत नसेल तर तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती बसते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतले सगळे यांना तिथे वकील फुकट मिळतो.